‘तू तिथे पोचलासच कसा?’ : अ‍ॅडव्हान्स्ड स्क्वॉड लीडरमध्ये पायदळाच्या चालीवरून होणारी तीच ती भांडणं

अ‍ॅडव्हान्स्ड स्क्वॉड लीडर, थोडक्यात एएसएल, हा दुसऱ्या महायुद्धातल्या लढायांचा पटावरचा खेळ. तो खेळणाऱ्या आमच्या रविवारच्या टेबलावर दोन वाक्यं ठरलेली होती. पहिलं, ‘तू तिथे पोचलासच कसा?’ दुसरं, ‘थांब थांब, तू रस्त्यात होतास तेव्हाच मी मारणार होतो.’ पहिलं आलं की हल्ला करणारा बोटानं हेक्स, म्हणजे नकाशावरचे षटकोन, मोजायला लागायचा, आणि ते दर खेपेला वेगळे भरायचे. दुसरं आलं की काउंटर, म्हणजे तुकड्यांच्या सोंगट्या, मागे सरकवायचे, पण ते निघाले होते कुठून हे कुणालाच आठवत नसे. मग नियमांची जाडजूड फाईल उघडायची, चहा गार व्हायचा आणि सहा टर्नचा सामना तिसऱ्या टर्नला ‘बाकीचं पुढच्या रविवारी’वर संपायचा.

बरेच दिवस आम्ही समजत होतो की ही दोन वेगळी दुखणी आहेत. एक हिशेबाचं, एक गोळीबाराचं. तसं नाही. दोन्हींचं मूळ एकच आहे. आपण चालीकडे ‘इथून तिथे गेलो’ असं बघतो. नियम तसं बघतच नाही. नियमाच्या लेखी चाल म्हणजे खर्चांची रांग: एवढे इथे खर्चले, एवढे तिथे. प्रत्येक खर्चाला जागा आहे आणि प्रत्येक खर्चापाशी समोरच्याला तोंड उघडायचा हक्क आहे. हे डोक्यात बसेपर्यंत एएसएलच्या ‘ए’ प्रकरणातल्या चौथ्या भागाचं पान न पान पाठ केलंत तरी भांडण व्हायचंच.

आधी एक चूक, जी नवा माणूस हमखास करतो आणि जुना माणूस हसण्यावारी नेतो.

जर्मन स्क्वॉडच्या, म्हणजे पायदळाच्या छोट्या तुकडीच्या, काउंटरवर 4-6-7 असं छापलेलं असतं. बुद्धिबळातून किंवा दुसऱ्या हेक्सवाल्या खेळांतून आलेला माणूस विचारतो, ‘यातला चालण्याचा आकडा कुठला?’ आणि स्वतःच उत्तर देतो, ‘मधला. सहा.’ त्याचं काही चुकत नाही. अ‍ॅव्हलॉन हिलच्याच 1970च्या पँझरब्लिट्झमध्ये चालीचा आकडा काउंटरवर छापलेला असे. पण इथे 4 हा मारा, 6 हा पल्ला आणि 7 हे मनोधैर्य. पायदळ किती चालतं हे काउंटरवर लिहिलेलंच नाही. ते पाठ असावं लागतं. स्क्वॉडला 4 एमएफ, म्हणजे चालीचे गुण, लीडरला 6, अननुभवी स्क्वॉडला 3. रशियन 4-4-7 समोर असताना हीच चूक झाली तर कळतही नाही, कारण मधला आकडा योगायोगानं 4 असतो. आमच्यातल्या एकानं चार रविवार रशियन घेतले, बिनचूक खेळला, आणि पाचव्या रविवारी जर्मन घेतल्यावर त्याची माणसं पळत सुटली. तोवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

आता हिशेबाकडे. स्क्वॉडचे मूळ 4. लीडर सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याच स्टॅकमध्ये, म्हणजे काउंटरांच्या एकाच चवडीत, बरोबर चालला तर आणखी 2. डबल टाइम, म्हणजे धावत जायचं जाहीर केलं, तर आणखी 2. पण हे निघण्याआधी सांगायचं असतं. मध्येच आठवलं तर 1च मिळतो. सबंध चाल रस्त्यावरूनच, रस्त्याच्या कडांमधूनच झाली तर आणखी 1. म्हणजे तोच स्क्वॉड 4 चालू शकतो आणि 9सुद्धा. ‘तू तिथे पोचलासच कसा’ हा प्रश्न वेड्याचा नाही, हे यावरून लक्षात येईल. एक हेक्स साधारण 40 मीटरचा आणि एक टर्न साधारण दोन मिनिटांचा धरलेला आहे. धावत गेलेल्यांच्या डोक्यावर सीएक्स, म्हणजे दमल्याचा काउंटर बसतो. मग त्यांचा गोळीबार आणि हातघाई दोन्ही फाशावर एकानं बिघडतात. दमलेल्याला पुढच्या खेपेला लगेच पुन्हा धावता येत नाही.

खर्चाची बाजू सोपी दिसते. उघडी जमीन 1, इमारत 2, रान 2, झुडपं 2, ढिगारा 3. भिंत किंवा कुंपण ओलांडायचं तर वर 1. धुरात शिरायचं तर वर 1. चढावर गेलात तर दुप्पट. उभ्या पिकाला दीड, आणि हा दीड फार त्रास देतो, त्यावर खाली. पीक पण जून ते सप्टेंबरच उभं असतं. सामन्याच्या कार्डावर ऑक्टोबर लिहिलं असेल तर तीच पिवळी हेक्स उघडी जमीन होतात. कार्डावरची तारीख वाचायची सवय लावा. ती शोभेला नसते.

एक साधी चाल घेऊ. तुमचा स्क्वॉड एका इमारतीत आहे. समोर दोन हेक्स रुंद मोकळी जागा, पलीकडे दगडी इमारत. 1 आणि 1 आणि 2, एकूण 4. एकटा स्क्वॉड बरोब्बर पोचतो. आता मोकळ्या जागेतल्या एका हेक्सवर धूर टाकलात, अर्थात आपल्याच माणसांना आडोसा म्हणून. खर्च झाला 5. स्क्वॉड पोचत नाही. आडोसा केला आणि त्याच आडोशापायी अर्ध्या वाटेत अडकलात. लीडर बरोबर हवा, नाहीतर धावावं लागेल.

आता त्याच स्क्वॉडच्या खांद्यावर 5 पीपीची, म्हणजे 5 ओझ्याची, जर्मन हेवी मशीनगन (एचएमजी) द्या. स्क्वॉडची वाहायची ताकद, म्हणजे आयपीसी, 3. दोन जास्त झाले, म्हणून दोन एमएफ गेले. उरले 2. हा स्क्वॉड समोरच्या इमारतीपर्यंत जाऊच शकत नाही. रस्त्यात उभा राहील आणि मरेल. लीडर बरोबर घेतला की दोन गोष्टी होतात आणि लोक त्यातली एकच मोजतात. चालीला 2 मिळतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण लीडर स्वतःची 1 आयपीसीही त्या स्क्वॉडला देऊ शकतो. म्हणजे ओझं 5, ताकद 4, जास्तीचं 1. चालीचे 4 अधिक 2, वजा 1, बरोबर 5. धूर असला तरी पोचले. आमच्याकडे हा दुसरा 1 कित्येक महिने कुणीच धरला नव्हता, आणि हेवी मशीनगन हलवायचीच नसते असा आमचा एक खोटा नियम तयार झाला होता.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, ठीक आहे, बेरीज-वजाबाकी आहे. कागदावर लिहून काढू. आम्हीही काढली. छान तक्ता केला, लॅमिनेट केला. पहिलं भांडण जवळपास मिटलं. दुसरं वाढलं.

कारण असं, की हल्ला करणारा आता तक्ता बघून आधीच बेरीज करायचा, ‘पाच लागतात, पाच आहेत,’ असं म्हणायचा आणि काउंटर उचलून थेट पलीकडच्या इमारतीत ठेवायचा. हिशेब शंभर टक्के बरोबर. आणि समोरचा चिडलेला. कारण त्याला रस्त्यात मारायचं होतं.

एएसएलमधला डिफेन्सिव्ह फर्स्ट फायर हा चालीच्या पोटात घडतो. दुसऱ्याची चाल संपली, आता माझा गोळीबार, असा तो फक्त नंतरचा प्रकार नाही. तुमचा स्क्वॉड मोकळ्या हेक्समध्ये 1 खर्चून शिरला, की त्या क्षणी तो तिथे आहे आणि तिथेच त्याच्यावर गोळी चालू शकते. तो पुढच्या हेक्समध्ये 1 खर्चून गेला, की मागची संधी गेली. मोकळ्या हेक्समध्ये त्याला उणे 1 पडतो कारण तो उघड्यावर हलतोय, आणि आणखी उणे 1 पडतो कारण तो सरळ चालत सुटलाय, दबकत नाही. फाशांवर 7 पडले तर 5 धरायचे. दगडी इमारतीत शिरल्यावर उघड्यावरचा उणे 1 जातो, सरळ चालीचा राहतो, आणि दगडाचे अधिक 3 येतात. एकूण अधिक 2. म्हणजे एका हेक्सच्या अंतरात फाशांवर चाराचा फरक. ‘मी रस्त्यातच मारणार होतो’ हे रडगाणं नाही, त्या माणसाचा अख्खा बचाव त्या एका क्षणावर उभा आहे.

यातला एक बारकावा, ज्यावर आमचं सगळ्यात लांबलेलं भांडण झालं. इमारतीत शिरायला 2 लागतात. एक मित्र म्हणाला, त्यातला पहिला दाराबाहेर आणि दुसरा आत. म्हणजे पहिल्यावर मी मारलं तर दगडाचे अधिक 3 मिळायला नकोत. ऐकायला पटतं. पण नियमाला दार ठाऊक नाही. ज्या हेक्समध्ये शिरताय, त्याचा सगळा खर्च त्याच हेक्समध्ये झाला असं धरायचं. भिंत ओलांडायचा 1 सुद्धा पलीकडच्या हेक्समध्ये मोजायचा. दोन्ही एमएफ आतलेच.

मग त्या 2 ला अर्थ काय? अर्थ हा, की एकाच बचाव करणाऱ्या तुकडीला त्या हेक्समध्ये तुमच्यावर जास्तीत जास्त किती वेळा मारता येईल ते तुम्ही तिथे खर्चलेल्या एमएफवर ठरतं. मोकळ्या हेक्समध्ये 1 खर्चला, म्हणजे समोरची मशीनगन कितीही भराभर चालो, तिला तिथे एकच संधी. इमारतीत 2 खर्चले, तर दोन. मशीनगनचा रेट ऑफ फायर, म्हणजे लगेच पुन्हा मारायची मुभा, टिकला तर ती दुसऱ्यांदा पूर्ण ताकदीनं मारेल. साधा स्क्वॉड असेल तर दुसऱ्यांदा सबसिक्वेंट फर्स्ट फायरनं, अर्ध्या ताकदीनं, तेही पल्ल्यात असाल आणि त्याच्याजवळ तुमच्यापेक्षा जवळचा दुसरा माहीत असलेला शत्रू नसेल तरच. एका खर्चाला समोरच्या प्रत्येक तुकडीची एक गोळी, असं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ. चार तुकड्या बघत असतील तर चौघी मारू शकतात. मर्यादा प्रत्येकीची वेगळी आहे, सगळ्यांची मिळून नाही.

हे कळल्यावर मला तो धुराचा खेळही वेगळा दिसायला लागला. धुराच्या हेक्समध्ये शिरायला उघड्या जमिनीत 2 लागतात, म्हणजे एकाच मशीनगनला दोन संधी. पण धुराचा अडथळा आला की उघड्यावरचा उणे 1 गळतो आणि धुराचा आकडा वर चढतो. सरळ चालीचा उणे 1 मात्र धुरातही राहतो. हे नेमकं उलटं लक्षात ठेवणारे लोक मी पाहिलेत: धूर आला की दोन्ही उणे जातात असं समजून ते खुशाल चालत सुटतात.

आणि स्मोक ग्रेनेड टाकायचा खर्चही खर्चच. आपल्याच जागेत टाकायला 1, शेजारी टाकायला 2. तुम्ही हललेला नाहीत, तरी एमएफ गेला, म्हणजे समोरच्याला तुम्ही आहात त्या जागी मारता येतं. पडलेलं हत्यार उचलायच्या प्रयत्नाला 1, तेही तसंच. ‘अजून मी निघालोच कुठे?’ हा बचाव चालत नाही. निघालात की नाही हा प्रश्नच नाही. खर्चलंत की नाही हा आहे.

आम्ही काय केलं

उपाय सापडला तो माझ्या भाच्यामुळे. त्याला आम्ही कच्चा लिंबू म्हणून बसवलं होतं, हाफ-स्क्वॉड हलवायला. त्याला बेरीज तोंडी जमेना. बहिणीकडे चिंच फोडलेली होती; तो वाटीभर चिंचोके घेऊन बसला. स्क्वॉड निघाला की चार चिंचोके हातात. हेक्समध्ये शिरला की तितके चिंचोके त्या हेक्सवर ठेवायचे. संपले की थांबायचं.

आम्ही पहिले पाच मिनिटं हसलो. मग लक्षात आलं की त्या अर्ध्या तासात एकदाही भांडण झालं नव्हतं.

कारण चिंचोका खर्च दाखवतो आणि जागाही दाखवतो. समोरच्यानं नकाशाकडे बघितलं तर त्याला दिसतं: इथे एक, इथे एक, इथे दोन. कुठे किती वेळा मारता येईल, याचा तो जिवंत तक्ता आहे. आणि चिंचोका ठेवायला जो अर्धा सेकंद लागतो तोच समोरच्याला ‘थांब’ म्हणायला पुरतो. आमच्याकडे आता संकेत असा आहे: चिंचोका ठेवायचा, समोरच्याकडे बघायचं, तो ‘जा’ म्हणाला किंवा मान हलवली की पुढचा. ‘जा’ म्हटल्यावर मागच्या हेक्सवरचा हक्क गेला. मग ‘मी मारणार होतो’ नाही. आणि मान हलायच्या आत काउंटर पुढे सरकवलात तर तो मागे येईल, कुरकुर न करता.

लीडर बरोबर असेल तर सहा चिंचोके, दोघांचे मिळून एकच मूठ, कारण स्टॅक एकत्र चालतोय. मशीनगनचं जास्तीचं ओझं असेल तर निघायच्या आधीच चिंचोका वाटीत परत. हे ‘आधीच’ महत्त्वाचं. मध्येच कुणी ‘अरे मशीनगन होती ना’ म्हणालं की पुन्हा तेच.

दीडाच्या पिकासाठी अर्धा लागतो. चिंचोका फोडून बघितला, दगडासारखा निघाला. मग अर्ध्यासाठी चवळीचा दाणा. पिकाची दोन हेक्स ओलांडली की तीन गेले आणि एकट्या स्क्वॉडकडे एक उरला. तिसऱ्या पिकात तो शिरू शकत नाही, जरी डोळ्यांना वाटलं की चारात दीड-दीड-दीड ‘जवळजवळ’ बसतं.

घरी चिंचोके नसतील तर कवड्या, बटणं, काहीही चालेल. फक्त फासे वापरू नका. कुणीतरी ते उचलून टाकतंच.

तरीही अडणाऱ्या जागा

असॉल्ट मूव्हमेंट, म्हणजे दबकत एकच हेक्स जाणं. यात सरळ चालीचा उणे 1 जातो, उघड्यावरचा जात नाही. मोकळ्या मैदानात दबकत गेलात तरी उघड्यावरच आहात. अट दुहेरी आहे: निघायच्या आधी जाहीर करायचं, आणि सगळे एमएफ संपता कामा नयेत. शेवटचा भाग चिंचोक्यांत फार छान दिसतो: हातात काहीतरी उरलं पाहिजे. वरचा तो मशीनगनवाला स्क्वॉड आठवतो? दोन चिंचोके, इमारतीला दोन. हात रिकामा. म्हणजे तो शेजारच्या इमारतीत दबकत जाऊ शकत नाही, सरळच जाईल आणि उणे 1 खाईल. लीडर घेतला की जाईल. हे कुठल्याही तक्त्यात एका ओळीत लिहिलेलं नाही, दोन नियमांच्या सांध्यात आहे. असे सांधेच खेळ अडवतात.

चढावरचं रान: 2 चे दुप्पट 4. साध्या स्क्वॉडला सगळं आयुष्य तेवढंच, म्हणून दबकणं नाही. अननुभवी स्क्वॉडकडे तर तीनच. त्यानं तिथे जायचंच नाही का? जाऊ शकतो. ज्याच्याकडे एक तरी एमएफ आहे त्याला शेजारच्या एका हेक्समध्ये जायची मुभा नियम देतो, पण तो तिथे दमलेला आणि पिन झालेला, म्हणजे जागीच दबून बसलेला, पोचतो. ‘नियमात बसत नाही’ म्हणून आम्ही कित्येकदा अशांना पायथ्याशी उभं ठेवलं होतं.

शत्रू बसलेल्या हेक्समध्ये शिरणं. चिंचोके कितीही उरले असोत, साधं पायदळ चालीच्या टप्प्यात तिथे शिरत नाही. ते अ‍ॅडव्हान्स टप्प्यात, शेवटी, एक हेक्स. अपवाद आहेत, बेभान झालेले वगैरे, पण नव्या माणसानं ते विसरावेत. अ‍ॅडव्हान्सला चिंचोके लागत नाहीत आणि फर्स्ट फायरही नसतो. सगळे एमएफ खाणाऱ्या जागेत अ‍ॅडव्हान्स केलात तर मात्र दमता, आणि आधीच दमलेल्याला ते जमत नाही. आणि टर्नच्या सुरुवातीलाच प्रेप फायर केलेली तुकडी त्या टर्नला चालत नाही. तिच्या वाटणीचे चिंचोके वाटीतच राहतात.

बायपास, म्हणजे इमारतीत न शिरता तिच्या कडेकडेनं जाणं. 2 च्या जागी 1 लागतो म्हणून सगळ्यांना हवंहवंसं. पण ज्या कडेनं जायचं त्या कडेला इमारतीचं चित्र टेकता कामा नये. चित्र टेकतंय की नाही, यावर दोघे जण भिंग घेऊन बसलेले मी पाहिलेत. आणि कडेनं जाणाऱ्याला इमारतीचा आडोसा मिळत नाही. तो उघड्यावरचा मानायचा. नवख्यांसाठीच्या स्टार्टर किटवर शिकत असाल तर बायपास तिथे नाहीच; मोठा खेळ खेळणाऱ्या मित्राकडून तो नियम उसना आणू नका. 2004च्या पहिल्या किटमध्ये मुद्दाम गाळलेल्या गोष्टी आहेत, त्या गाळलेल्याच बऱ्या.

उसनवारीचं मूळ जुनं आहे. 1977मध्ये जॉन हिल यांचा स्क्वॉड लीडर आला, मग 1978 ते 1982 मध्ये त्याला तीन पुरवण्या जोडल्या गेल्या आणि प्रत्येकीनं आधीच्या नियमांवर नवे थर चढवले. 1985मध्ये अ‍ॅडव्हान्स्ड स्क्वॉड लीडरनं सगळं एका फाईलमध्ये नव्यानं मांडलं, ते याच गोंधळाला कंटाळून. तरी जुन्या डब्यावर शिकलेला माणूस टेबलाशी बसला की तो ‘पूर्वी असं होतं’ म्हणतोच. त्याला चहा द्या, फाईल देऊ नका. एएसएल खेळणाऱ्यांमध्ये ‘काउट्रा’ नावाचा एक मंत्र आहे: नियम जे करू देतो तेवढंच बघायचं. ‘कुठे मनाई लिहिलीय दाखव’ असं म्हणायचं नाही. मुभा कुठे लिहिलीय ते दाखवायचं. दाराबाहेरच्या एमएफचं भांडण या एका वाक्यात मिटलं असतं.

आता स्टॅक. लीडरच्या दोन एमएफच्या मोहात नवा खेळाडू तीन स्क्वॉड एका लीडरखाली बांधतो आणि एकदम हलवतो. गोळी एकच चालली तरी ती चौघांनाही लागू होते आणि प्रत्येकाला मनोधैर्याची आपापली तपासणी द्यावी लागते. वेगवेगळे हलवले तर समोरच्याला प्रत्येकासाठी पुन्हा विचार करावा लागतो, आणि त्याच्या पूर्ण ताकदीच्या गोळ्या पहिल्यांवरच संपतात. गोळी चाललेल्या हेक्सवर रेसिड्युअल फायरचा काउंटर उरतो आणि तिथे मागून शिरणाऱ्यालाही तो झोंबतो, म्हणून दुसऱ्यानं दुसरी वाट घ्यावी. माझं मत: आधी हाफ-स्क्वॉड सोडा, गोळी खाऊ द्या, मग स्क्वॉड, आणि लीडर ओझंवाल्याबरोबर सगळ्यात शेवटी. एक गोष्ट कडक पाळा. एकाची चाल थांबवून दुसऱ्याचे चिंचोके हातात घेतलेत, की पहिल्याचे उरलेले वाटीत गेले. परत येता येत नाही.

स्टॅकमधला लीडर वाटेतच पिन झाला तर? स्क्वॉड पुढे जाणार की नाही, यावर आमच्याकडे दोन्ही बाजूंनी आवाज चढलेत. शेवटी टेबलाचा ठराव झाला: त्या क्षणी स्क्वॉडनं नकाशावर ठेवलेले चिंचोके मोजायचे. चारापेक्षा कमी असतील तर चारापर्यंत स्वतःच्या जिवावर जा. चार किंवा जास्त असतील तर लीडरजवळच बसा. हा ठराव सामन्याच्या आधी मोठ्यानं म्हणून घेतो, म्हणजे गोळी लागल्यावर कुणाची बुद्धी फिरत नाही.

व्हासल या संगणकाच्या प्रोग्रॅमवर ऑनलाइन खेळता तेव्हा चिंचोके नाहीत. तिथे काउंटर ओढून नेणं इतकं सोपं आहे की जुनं भांडण दुप्पट वेगानं परत येतं. आम्ही चॅटमध्ये टाइप करतो: ‘स्क्वॉड, लीडर, एचएमजी, पाच. एक.’ मग थांबतो. समोरून ‘जा’ आलं की ‘एक’. पुन्हा ‘जा’. मग ‘दोन, इमारत’. हळू वाटतं, पण चॅट वर सरकवली की कुठल्या हेक्सवर किती गेले ते ओळीनं सापडतं. माझा भाचा आता तिकडे खेळतो. परवा त्यानं धुरातून जाताना ‘एक’ लिहिलं, मी ‘जा’ म्हणालो, आणि दोन ओळींनंतर त्याचा निरोप आला: ‘मामा, धुराचा एक राहिला. दोन होते तिथे. तुझी एक गोळी बाकी आहे.’